नगरची सांजप्रार्थना

नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) गेलं की आपण भुईकोट किल्ला आणि चांदबीबीचा महाल पाहून परत फिरतो. गेल्या डिसेंबरात मी मात्र कॉलेजातल्या मित्राच्या घरी शनिवार-रविवार राहिलो.

अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ साली सुरू झालं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक पुढे इथे राहिले. त्यांची अभंग-ओवीच्या चालीची गीतं आजही म्हटली जातात.

मित्राकडे रात्री जेवणाआधी सतरंजी पडते. काका पवित्र शास्त्र उघडतात आणि प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. काकू शाळेत चौथीपर्यंतच गेल्या. पण रोजच्या या वाचनामुळे स्तोत्रसंहिता कुठेही न अडखळता वाचतात. मग टिळकांचं एखादं गीत आणि शेवटी प्रार्थना. तीत शेजारणीच्या दुखऱ्या गुडघ्यापासून गावच्या पावसापर्यंत सगळं येतं. पाहुणा म्हणून माझंही नाव आलं.

रविवारी थोरल्या मुलाचा अमेरिकेतून फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. नऊ वर्षांचा नातूही आपलं वचन वाचतो. जोडाक्षराशी तो अडला.

"आजोबा, इंग्लिशमध्ये वाचू?"

"मराठीतच वाच बाळा. आम्ही थांबतो."

आणि खरंच सगळे थांबले. भाजी निवत होती, पण कुणी शब्द सुचवला नाही. शेवटी तो त्यालाच जमला.

आपल्याकडे मराठी शाळा भरते ती आठवड्यातून एकदा. काकांच्या घरी ती रोज भरते, पंधरा मिनिटं. पोथी असो, हरिपाठ असो की बायबल, मुलांचं जोडाक्षर सुटेपर्यंत थांबायला आपल्या घरी कोण बसतं?