पेटी, पियानो आणि आम्ही

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरांत पियानो कोणाच्या घरीं वाजल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. मोर्णेच्या या कांठाला, असदगडाच्या नि राजराजेश्वराच्या आसपास ज्यांचे वाडे, त्यांच्या कानांच्या सवयी ठरलेल्या. पहाटे देवळांतली घंटा, सोमवारीं भजन, श्रावणांत पूर्णेचें पाणी घेऊन येणाऱ्या कावडींचा गजर, आणि वर्षांतून एखादे वेळीं गणेशोत्सवांतलें गाणें. शिवाय येथल्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. लांकडाच्या ज्या पातळ फळीवर पियानोचा सारा नाद अवलंबून, ती फळी या उन्हांत धड राहावयाची नाहीं. म्हणून मे महिन्याच्या सुटींत आमची नात पुण्याहून विजेवर चालणारा पियानो घेऊन वाड्यांत उतरली, तेव्हां आमच्या मनांत कौतुकापेक्षां कुरकुरच अधिक होती.

कुरकुरीचें कारण जुनें आहे. तरुणपणीं आम्ही सात वर्षें गाणें शिकलों. गवई झालों नाहीं, परंतु मतें मात्र गवयाचीं घेऊन बसलों. त्यांतलें पहिलें मत असें कीं, पट्ट्यांचें वाद्य हें वाद्यच नव्हे. गंधारावरून मध्यमावर जातांना मधली जी वाट गळा चालून दाखवितो, ती पट्टीला ठाऊक नसते. ती एका पायरीवरून दुसरीवर उडी मारते. त्यांतून सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले, म्हणजे स्वर आपल्या हक्काच्या जागेवरून थोडा तरी सरकलेलाच. या मताला आधारहि भक्कम होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचा हिशेब मांडला होता, आणि क्लेमेंट्स साहेबांच्या सहकार्यानें श्रुतींची निराळी पेटी करविली होती. पुढें १९४० सालीं रेडिओनें हार्मोनियमला दारांतूनच परत पाठविलें व ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. जें वाद्य सरकार दारांत उभें करीत नाहीं, तें आपण घरांत कां ठेवावें, असें आम्ही मोठ्या ऐटीनें विचारीत असूं. पट्टीची निंदा करणारे आम्ही सारे आपापला षड्ज मात्र ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असा पेटीच्याच भाषेंत सांगत होतों, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. गोविंदराव टेंब्यांचें नांव कोणी काढलेंच, तर ‘तो अपवाद’ म्हणून आम्ही विषय बदलीत असूं. भास्करबुवा बखल्यांची गायकी ज्यानें बोटांत उतरविली, १९११ सालच्या ‘मानापमाना’ला ज्यानें चाली दिल्या, त्याला अपवाद म्हणून बाजूला सारणें किती सोपें!

हें मत मतच राहतें तर बिघडलें नसतें. आमच्या आजोबांची एक हातपेटी घरांत होती. १९६२ सालीं आमच्या धाकट्या बहिणीनें ती शिकण्याचा हट्ट धरला. ती चौदा वर्षांची, आम्ही अठरा. वडिलांनीं घरांतला जाणता म्हणून आम्हांला विचारलें. आम्हीं सांगितलें, पेटीनें कान बिघडतो. शिकावयाचेंच तर गळ्यानें शिकावें. तिचा गळा जाडाभरडा आहे, हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें. वडिलांनीं मान हालविली. पेटी जुन्या धोतरांत गुंडाळून माळ्यावर गेली. बहीण एक शब्द बोलली नाहीं. चार वर्षांनीं लग्न होऊन यवतमाळला गेली. त्या गोष्टीची आठवण आम्हांला पुढें कधीं झाली, असें म्हणणें खोटें होईल.

तर तो पियानो. नातीनें तो माजघरांत मांडला आणि आजोबांचें शिक्षण सुरू केलें. खऱ्या पियानोंत पट्टी दाबली कीं नमद्यानें मढविलेली एक लहानशी हातोडी तारेवर आपटते नि तत्काळ मागें सरते. बोटाचा जोर जास्त तर नाद मोठा, कमी तर हळुवार. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें ही युक्ति काढली. त्यापूर्वीच्या पट्टीवाद्यांत तार खुडली जाई, म्हणून बोट हलकें पडो वा जड, आवाज बहुधा तेवढाच. आज त्याच्या पट्ट्या अठ्ठ्याऐंशी. बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. नातीच्या पियानोंत तार नाहीं नि हातोडी तारेवर पडतहि नाहीं, खऱ्या पियानोचे नाद त्यांत सांठवून ठेवलेले आहेत. पण पट्ट्या बोटाला तशाच जड लागतात. (वीज गेली कीं मात्र तो निव्वळ लांकूड होतो, आणि आमच्याकडे वीज उन्हाळ्यांतच जाते.)

ऐकतांना एक गोष्ट पहिल्याच दिवशीं जाणवली. पेटीचा भाता हालत असेपर्यंत सूर हवा तेवढा उभा राहतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरूं लागतो, आणि वाजविणाऱ्याला त्याचें कांहींएक करतां येत नाहीं. पुढचा सूर त्या विरणाऱ्या सुरावर किती वजनानें ठेवावयाचा, एवढेंच त्याच्या हातीं. नात शोपाँ नांवाच्या पोलंडच्या रचनाकाराचें एक निशागीत वाजवी. १८३२ सालीं छापलेलें, चार-साडेचार मिनिटांचें. डावा हात ठेका धरून चालतो, उजवा गातो. तीच ओळ पुनःपुन्हां येते, पण दर वेळीं नवे अलंकार लेवून. आपला गवई अस्ताई घोळवितो तशी. तिनें आम्हांला सांगितलें कीं हा शोपाँ आपल्या शिष्यांना चांगले गाणारे ऐका म्हणून बजावी, आणि डाव्या हातानें लय सोडूं नये असा त्याचा आग्रह असे. पट्टीच्या वाद्याचा एवढा मोठा उस्ताद, तोहि गळ्याकडेच बोट दाखवितो! आम्हांला मनांतून बरें वाटलें. मींड त्यांत नाहींच. पण चौथ्या-पांचव्या दिवसापासून आम्ही तिची वाट पाहावयाचें सोडून दिलें, आणि मग कोठें ऐकूं लागलों.

याच सुमारास बहीण माहेरपणाला आली. आतां तिची सत्तरी उलटली आहे. दोन दिवस ती लांबूनच ऐकत होती. तिसऱ्या दिवशीं दुपारीं नात म्हणाली, “आत्याआजी, बस ना!” आम्ही शेजारच्या खोलींत पडलों होतों. थोडा वेळ एकेक सूर चांचपल्याचा आवाज आला, मग भूप उमटला. चुकत-माकत नव्हे, सावकाश, पण जागच्या जागीं. आम्ही उठून दारांत आलों. तिचा उजवा हात पट्ट्यांवर होता, आणि डावा हात पियानोच्या मागें हवेंत पुढें-मागें होत होता. भाता हालवीत होता.

नात हसूं लागली. आम्हांला हसूं आलें नाहीं.

“हें तूं कोठें शिकलीस?” आम्हीं विचारलें.

“येथेंच,” ती म्हणाली. “तूं संध्याकाळीं नदीपलीकडे क्लासला जायचास ना, दादा? काकू माळ्यावरून पेटी काढून द्यायची आणि दारांत सुपारी कातरीत बसायची. तूं वळणावर दिसलास कीं अडकित्ता वाजवायची.”

“आणि बाबा?”

“बाबा आंत बसून ऐकायचे.”

म्हणजे सर्व घराला ठाऊक होतें. एक आम्ही सोडून. ज्या वडिलांनीं आमच्या शब्दावर पेटी बांधून ठेवविली, त्यांनींच ती चार वर्षें ऐकली, आणि आम्हांला त्याचा पत्ता लागूं दिला नाहीं. त्यांना आमचा मान राखावयाचा होता कीं आमच्या वादापासून सुटका हवी होती, हें आतां विचारणार कोणाला? बहिणीला मात्र विचारलें, “यवतमाळला वाजवलीस कधीं?” ती म्हणाली, “तेथें पेटी कोठें होती?” आणि नातीकडे वळून, डाव्या हाताचें काय करावयाचें, तें विचारूं लागली. नातीनें तो हात धरून पट्ट्यांवर ठेवला. तो दोनदां उठून पुन्हां मागें गेला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पेटी माळ्यावरून काढविली. धोतराच्या चिंध्या झाल्या आहेत, भात्याला उंदरांनीं भोंक पाडलें आहे, आंतल्या पितळी पात्यांपैकीं निम्मीं बोलत नाहींत. दुरुस्तीवाला दोन महिन्यांची मुदत मागतो. बहीण दिवाळीला येणार आहे. तोंवर ती मिळावी.