सोफीचं सहावं बोट

नातीच्या आग्रहाने जॉन विंडम यांची 1955 ची ‘द क्रिसालिड्स’ वाचली. महासंहारानंतरचं लॅब्राडॉर, तिथला कर्मठ पंथ. देवाच्या नमुन्याहून वेगळं शरीर म्हणजे पाप! सोफीच्या पायाला सहा बोटं, म्हणून आईवडील तिला लपवतात. डेव्हिड मित्रांशी मनातल्या मनात बोलतो. हे उघड झाल्यावर त्याला सख्ख्या बापापासून पळावं लागतं. शेवटी तीच शक्ती असलेली झीलँडची बाई त्याला सोडवते, पण कितीतरी माणसं मारून. वर आपणच श्रेष्ठ, म्हणून ते योग्यच म्हणते.

नातीला ती नायिका वाटली. मला तिच्यात डेव्हिडचा बापच दिसला. शक्ती आली, पण ‘आमचंच खरं’ हा हट्ट तसाच राहिला. अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो. घरी सुनेची बाजू ऐकतानाही तो आठवायला हवा.