चल ना, कॅम्पस बघून येऊ!

कॅम्पस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? झाडाखालचे कट्टे, कँटीनमधला कटिंग, सबमिशनचं टेन्शन आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातली झुंबड. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी हा सगळा 'तेव्हाचा' मामला. डिग्री झाली, प्लेसमेंट झालं, गळ्यात आयडी कार्ड आलं की विषय संपला. (गंमत म्हणजे ऑफिसलाही आपण 'कॅम्पस'च म्हणतो!) पण जरा आजूबाजूला बघा. चार-सहा वर्षं नोकरी झाली की 'परत शिकावंसं वाटतंय यार' म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक टीममध्ये असतंच. बोलणारे पुष्कळ. वेबसाइट उघडून बघणारे त्याहून कमी. आणि सुट्टी टाकून प्रत्यक्ष जाऊन येणारे अगदीच थोडे.

माझी मैत्रीण त्या थोड्यांतली निघाली. हिंजवडीत आम्ही दोघी सहा वर्षं शेजारी-शेजारी बसतोय. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, वय २९, आणि तिला करायचंय इतिहासात एम.ए. एमबीए म्हणाली असती तर कुणी भुवईही उंचावली नसती. इतिहास म्हटल्यावर घरचे, टीम लीड, फ्लॅटमेट, सगळ्यांचा एकच प्रश्न, ''आणि मग पुढे काय?'' मी तो विचारला नाही, बहुधा म्हणूनच तिने मला पकडलं.

''बुधवारी सुट्टी टाक. पुणे विद्यापीठात जायचंय.''

''शनिवारी जाऊ ना. सुट्टी कशाला वाया घालवायची?''

''शनिवारी नुसती बिल्डिंग दिसेल गं. मला तिथला बुधवार बघायचाय.''

हा फंडा मला एकदम पटला. फ्लॅट घेताना आपण पाणी किती वाजता येतं तेही विचारतो. दोन वर्षं जिथे काढायची, तिथला साधा कामाचा दिवस बघायला नको?

विद्यापीठाचा चौक पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २०२० साली तिथला जुना उड्डाणपूल पाडला, तेव्हापासून त्या चौकात क्लच दाबून आपण किती तास बसलो याचा हिशोब न केलेलाच बरा. पण गेटमधून आत शिरलात की हॉर्न मागे पडतात. ४११ एकरांचा पसारा, मोठमोठे वड आणि त्यातून जाणारे शांत रस्ते. इतक्यांदा बाहेरून गेलेय, पण आत एवढं रान आहे हे तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

मुख्य इमारतीसमोर उभं राहून मी सवयीने मोबाइल काढला. उंच मनोरा, कमानी, समोर हिरवळ. फोटोला एकदम परफेक्ट! मैत्रीण मात्र सुरू झाली.

ही इमारत मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान म्हणून बांधलेली. काम १८६४ मध्ये सुरू झालं. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा इथेच रंगला होता. शहरात प्लेगने थैमान घातलेलं, घराघरांत शिरून झडत्या चाललेल्या आणि इथे रोषणाई. त्या रात्री सोहळ्याहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. तोच गणेशखिंड रस्ता, ज्यावर आपण आज एफएम ऐकत सिग्नल सुटायची वाट बघतो.

''आणि आता हे ऐक,'' ती म्हणाली, ''त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. तेव्हा या बंगल्यात त्यांच्यासारख्या बाईला कुणी पायरीवर उभं केलं असतं का, मला शंकाच आहे. २०१४ पासून अख्ख्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.''

२०२२ मध्ये बसवलेला सावित्रीबाईंचा पुतळा तिथेच समोर आहे. मी पुतळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. सहा वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून एक्सेलमध्ये बग नोंदवतेय. स्टेटस मीटिंगमध्ये 'नो अपडेट्स फ्रॉम माय साइड' यापलीकडे तोंड उघडत नाही. आणि इथे तारखांसकट धडाधड बोलत होती! तिला मी असं कधी पाहिलंच नव्हतं.

तिथून जयकर ग्रंथालय. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, त्यांचं नाव. आसपास जिकडे बघावं तिकडे अभ्यास करणारी मुलं. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, पुस्तकांना पिवळं हायलाइटर. यातली पुष्कळजण स्पर्धा परीक्षांची, गावाकडून आलेली. एका मुलीला आम्ही हॉस्टेलबद्दल विचारलं तर ती झटकन उठून उभी राहिली.

''बसा ना मॅडम. कोणत्या डिपार्टमेंटला शिकवता?''

झालं! मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ॲडमिशनसाठी आलोय म्हटल्यावर ती मुलगी आधी हसली, मग 'मॅडम'वरून 'ताई'वर आली आणि भडाभडा खरी माहिती द्यायला लागली. हिंगोलीकडची होती. हॉस्टेलला नंबर लागणं किती कठीण, मेसचं जेवण किती दिवस घशाखाली उतरतं, वाचायला जागा हवी तर सकाळी किती लवकर यायचं. ''पण ताई, इथं कुणी मधेच उठवत नाही,'' ती म्हणाली. ''घरी पुस्तक उघडलं की काहीतरी काम निघतंच.'' ही माहिती कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये छापत नाहीत.

विभागाच्या ऑफिसात काम पाच मिनिटांत झालं. इंजिनिअरिंगची पदवी चालेल का, हे विचारताना मैत्रिणीचा आवाज एकदम बारीक झाला होता. टेबलामागच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. ''पदवी आहे ना? माहितीपत्रक वाचा, परीक्षेचा फॉर्म भरा. इंजिनिअर येतात आमच्याकडे.'' बस्स. ज्याचं तिला सहा महिने टेन्शन होतं, ते काकांनी एका वाक्यात निकालात काढलं.

मग चहा घेऊन झाडाखाली बसलो आणि खऱ्या विषयाला हात घातला. फी हा मुद्दाच नव्हता, ती तिच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी निघाली. मुद्दा होता बंद होणाऱ्या पगाराचा. तिने वहीत मांडलंच होतं. महिन्याला ३५ हजार खर्च धरला तर २४ महिन्यांचे ८ लाख ४० हजार. साठवलेले साडेसहा लाख. खड्डा १ लाख ९० हजारांचा, तो शनिवार-रविवारची छोटी कामं घेऊन भरायचा. पक्का टेस्टरचा हिशोब, चूक सापडेना.

''आणि काकांच्या मेडिक्लेमचं काय?'' मी विचारलं.

तिचा पेन थांबला. तिच्या बाबांची अँजिओप्लास्टी झालीय आणि त्यांचा विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. राजीनामा दिला की तोही जाणार. हा कॉलम वहीत नव्हता. म्हणजे डोक्यात होता, पण लिहिला नव्हता. ती बराच वेळ गप्प बसली आणि मीही गप्प बसले. मैत्रिणीचं स्वप्न बघायला सोबत जायचं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायचं, हे काही छान वाटत नाही. पण 'पुढे काय' विचारणारे पाचपन्नास होते. हे विचारायला तिच्या घरी जेवलेलं कुणीतरी लागतं.

तिथेच बसून एचआरला फोन केला. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, मात्र ती नोकरी सोडायच्या आधीच मागावी लागते. त्यामुळे आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड बहुतेक वेळा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. हप्ता अर्थातच आपल्या खिशातून. तिने वहीत नवा कॉलम आखला, खड्डा वाढला. फॉर्म भरायचा विचार मात्र बदलला नाही.

परत निघताना आयुका लागलं. १९८८ मध्ये सुरू झालेली ही संस्था, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. इमारत चार्ल्स कोरिया यांची. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मी तिथे आले होते आणि न्यूटनच्या पुतळ्यापाशी उभं राहून 'मी पण सायंटिस्ट होणार' असं ठोकून दिलं होतं. मैत्रिणीने विचारलं, ''मग? तुला नाही का वाटत परत शिकावंसं?'' मी खरंच विचार केला. नाही वाटत. मला माझं काम आवडतं, पगार आवडतो, शुक्रवारची संध्याकाळ तर फारच आवडते. तिच्यासोबत फिरल्यावर हेही स्वच्छ कळलं. मात्र उद्यापासून शेजारच्या डेस्ककडे बघताना पोटात थोडं तुटणार, हेही कळलं.

तेव्हा तुमच्याही मनात असं काही घोळत असेल तर वर्किंग डेला जा. ग्रंथालयात अर्धा तास नुसते बसा, तिथल्या मुलांशी बोला, ऑफिसातल्या काकांना थेट विचारा. आणि ज्याला तिथे शिकायचं नाहीये असा एक मित्र सोबत न्या. तुम्ही कॅम्पस बघत असता, तो तुम्हाला बघत असतो.

मैत्रिणीने फॉर्म भरलाय. वैयक्तिक पॉलिसीचा अर्जही दिलाय, राजीनामा अजून नाही. परीक्षेच्या दिवशीही सोबत ये म्हणालीये. मी एक सीएल आतापासूनच राखून ठेवलीये.