मैदानाचा हिशोब
(रिद्धपूर, टिपणवहीतून)

कोरोनाच्या साथीत कुणाचं किती बुडालं याचा हिशोब मोठ्यांकडे तयार असतो. युरोपातल्या बड्या फुटबॉल क्लबांचे तोटे ताळेबंदासकट छापून आले. गावच्या क्रीडा मंडळाचा तोटा कुठेच छापून आला नाही, कारण तो कुणी लिहूनच ठेवला नव्हता. लिहिला नाही म्हणून झाला नाही असं थोडंच आहे? ही टिपणं त्यासाठीच.

*

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या मोर्शी-वरूड पट्ट्यात खेळाचा पैसा संत्रा आणि कपाशीच्या मागून येतो. माल विकला की वर्गणी निघते, वर्गणी निघाली की सामने ठरतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मृग बहराच्या संत्र्याचे दिवस होते आणि वाहतूक बंद. कापसाची खरेदी थांबली, मग रखडत सुरू झाली. विदर्भात कितीतरी घरांत जून उजाडला तरी कापूस तसाच पडून होता. अशा घरासमोर पावतीपुस्तक घेऊन कोण उभं राहणार? हनुमान जयंती त्या वर्षी ८ एप्रिलला आली. देवळांची दारंच बंद, मग जयंतीचे सामने कुठले!

*

गावच्या कबड्डी सामन्यांचा पैसा कसा फिरतो ते एकदा मांडून ठेवतो. पहिलं बक्षीस एखाद्या पुढाऱ्याच्या नावाचं, दुसरं कृषी केंद्रवाल्याचं, तिसरं बाहेरगावी नोकरीला लागलेल्या गावच्याच मुलाचं. त्यात येणाऱ्या संघांची प्रवेश फी आणि घरोघरची वर्गणी. जातो कुठे? मंडप, लाईट, लाउडस्पीकर, चुना, पंचांचं मानधन, मुक्कामी संघांचं जेवण. जे उरतं ते पुढच्या वर्षाला नाही, लगेच देवळाच्या कामाला नाहीतर मुलांच्या बनियनना. शिल्लक शून्य.

म्हणजे सामने रद्द झाले तर मंडळाचं कागदावर काहीच जात नाही. जातं ते मंडपवाल्याचं, पंचाचं, चहाची गाडी लावणाऱ्याचं. आणि त्या पोट्ट्यांचं, जे हिवाळाभर गावोगाव खेळून बक्षिसाच्या वाट्यातून वर्षाचे बूट आणि परीक्षेची फी काढतात. यातल्या एकाचंही नाव कुठल्या नुकसानीच्या यादीत येत नाही.

*

महाराष्ट्रात खालच्या पातळीवरचा फुटबॉल खऱ्या अर्थाने जिथे लोकांच्या पैशावर जगतो ते गाव कोल्हापूर. तिथले संघ कंपनीचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून सामना बघतात. आय-लीगच्या सामन्यालाही जी गर्दी कधी कधी मिळत नसे ती तिथे दोन पेठांच्या सामन्याला मिळते. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

या संघांचं उत्पन्न बघा. तिकिटातला वाटा, स्पर्धांची बक्षिसं, नेत्यांची आणि व्यापाऱ्यांची मदत, आणि ज्या तालमीच्या जिवावर संघ उभा तिची वर्गणी. खर्चात सगळ्यात जड बाब बाहेरच्या खेळाडूंची. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतले खेळाडूही तिथे आले. मार्च २०२० मध्ये हंगाम अर्ध्यावर थांबला आणि ऐन स्पर्धांच्या दिवसांत मिळकतीची सगळी दारं एकदम बंद झाली. गणेशोत्सवावर बंधनं आली, सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आणल्या गेल्या, वर्गणीही आटली. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता. २०२१ च्या जुलैत तो पुन्हा आला. दोन महापूर आणि त्यांच्या मधोमध साथ, एवढं सोसून ज्या तालमींनी संघ मोडला नाही त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

*

केरळात सात-सात जणांचा सेव्हन्स फुटबॉल खेळायला आलेला घानाचा एक तरुण टाळेबंदीत परत जाताना मुंबई विमानतळावर अडकला. विमानं बंद, खिशातले पैसे संपलेले. सत्तर दिवसांहून जास्त काळ तो तिथेच राहिला. विमानतळावरचे कर्मचारी त्याला खायला देत होते. हंगामावर पैसे घेणाऱ्या खेळाडूला ना पगार असतो ना रजा. सामना झाला तर पैसे, नाही तर नाही. आपल्याकडच्या कबड्डीपटूचीही गत हीच. फरक एवढाच की तो निदान आपल्या घरी होता.

*

पडद्यावर मात्र खेळ लवकर परतला. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. मुंबई सिटी जिंकली. प्रो कबड्डीचा २०२० चा हंगाम झाला नाही, पण २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना तो सुरू झाला. ज्याच्याकडे टीव्हीचा करार आहे त्याला प्रेक्षक नसले तरी चालतं. ज्याच्याकडे फक्त प्रेक्षकच आहेत त्याने काय करावं? महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० नंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली. मधली दोन वर्षं खुराकाचा खर्च पैलवानांच्या बापांनी कसा केला असेल ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगावं लागणार नाही.

*

इंग्लंडचं उदाहरण मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तिथे फुटबॉलच्या खालच्या विभागांचे क्लब शंभर-सव्वाशे वर्षं हिशोब ठेवत आले आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या विभागातल्या क्लबांनी जून २०२० मध्ये मतदान करून हंगाम आहे तिथेच संपवला. प्रेक्षकांविना खेळणं म्हणजे घरचं घालणं, हे त्यांना आकड्यांत दिसत होतं. डिसेंबरात प्रीमियर लीगने मदत कबूल केली ती २५ कोटी पौंडांची. त्यातले २० कोटी दुसऱ्या विभागाला कर्ज म्हणून, आणि तिसऱ्या-चौथ्या विभागाला मिळून ५ कोटी. वाटणी रास्त होती असं मी म्हणणार नाही. त्याही खालच्या नॅशनल लीगला लॉटरीच्या निधीतून १ कोटी पौंड मिळाले, ते तीन महिन्यांपुरते. पुढे अनुदानाऐवजी कर्ज पुढे केलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या उत्तर आणि दक्षिण गटांनी हंगामच रद्दबातल ठरवला.

मॅकल्सफील्ड टाउन हा १८७४ चा क्लब सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. देणं होतं ५ लाख पौंडांहून थोडं जास्त. खेळाडूंचे पगार तिथे साथीच्या आधीपासूनच थकत होते. पुढे त्याच गावात, त्याच मैदानावर नव्या नावाने क्लब उभा राहिला आणि २०२१-२२ मध्ये नवव्या पातळीपासून खेळू लागला. हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. मैदान आणि माणसं गावाची असली तर मालक बुडाला तरी खेळ बुडत नाही.

*

उलटं उदाहरण शोधायला लांब जायला नको. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुण्याचा भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. यांना कुठल्या विषाणूने मारलं नाही. मालकाचं मन फिरलं किंवा खिसा आटला, एवढंच. पेठेच्या तालमीला असा मालक नसतो, म्हणून ती गरीब असते आणि म्हणूनच टिकते.

*

फेब्रुवारी २०२१. बाकी महाराष्ट्र जरा सावरत होता तेव्हा दुसरी लाट आधी आमच्याकडेच दिसली. २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती पुन्हा बंद. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या शहरात आहे, जिथून १९३६ मध्ये देशी खेळांचं पथक बर्लिनला गेलं, त्या शहरात मैदानावर धावणंसुद्धा बंद. वऱ्हाडातल्या मंडळांना हा दुसरा घाव पहिल्याहून जड गेला. पहिल्या वर्षी लोक म्हणत होते, पुढच्या साली करू. दुसऱ्या वर्षी तसं म्हणायचा धीर राहिला नाही, आणि दोन वर्षांत सोळाचा मुलगा अठराचा होऊन कामाला लागला.

*

फिफाने २०२० मध्ये साथीसाठी १५० कोटी डॉलरची योजना आखली. प्रत्येक राष्ट्रीय संघटनेला १० लाख डॉलर, शिवाय महिला फुटबॉलसाठी वेगळे ५ लाख. पैसा वरून निघतो तो संघटनेकडे, तिथून राज्याकडे, तिथून जिल्ह्याकडे. दर पायरीवर कागद मागितला जातो. नोंदणी, खातं, लेखापरीक्षण. आपल्याकडच्या व्यायामशाळा आणि क्रीडांगणाच्या शासकीय अनुदानाचंही तेच. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचं नुकसान खरं असलं तरी तो अर्जच करू शकत नाही. साथीने हे फार कठोरपणे दाखवून दिलं.

*

म्हणून गावातल्या मंडळांना एक विनंती. सात माणसं जमली की संस्थेची नोंदणी होते. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हींचं काम धर्मादाय कार्यालयात होतं. बँकेत मंडळाच्या नावाने खातं काढा. वर्गणीची प्रत्येक पावती आणि पंचांना दिलेला प्रत्येक रुपया वहीत मांडा. बक्षीस थोडं कमी ठेवा, पण दर वर्षी काही रक्कम बाजूला टाका, आणि ती देवळाला, मंडपाला, कशालाही देऊ नका; ती खेळणाऱ्या मुलांची आहे. येत्या सामन्यांच्या आधी ही वही सुरू करा.