जुन्या इंजिनाचा मूळ रंग

मोटारीचे बॉनेट मिटले म्हणजे इंजिन दृष्टीआड होते. रस्त्याने जाणाऱ्याला दिसते ती मोटारीची बाहेरची कांती. तिच्या पोटात धडधडणाऱ्या यंत्राचा रंग कोणता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. असे असता, केवळ त्या रंगाच्या शोधात आठवडेच्या आठवडे घालविणारी माणसे जगात आहेत, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. ही माणसे वेडी नव्हेत. जुन्या मोटारी पूर्ववत करणे हा त्यांच्यापैकी काहींचा व्यवसाय, तर काहींचा छंद आहे. आणि ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ ती फार काटेकोरपणे घेतात. मोटार ज्या दिवशी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली, त्या दिवशी ती जशी होती तशी ती पुन्हा झाली पाहिजे. तशी म्हणजे नेमकी तशी. त्याहून देखणी झालेलीही त्यांना खपत नाही.

इंजिनाला मुळात रंग द्यावयाचा कशासाठी? त्याचा मुख्य भाग बिडाचा ओतलेला असे. उघड्या बिडाला दमट हवा लागली की त्यावर तांबूस गंज धरू लागतो. म्हणून इंजिनाची जोडणी झाली की त्यावर रंगाचा फवारा मारण्याची पद्धत पडली. गंज थोपविण्यापुरता कोणताही रंग चालला असता. परंतु रंग द्यावयाचाच, तर तो आपल्या घराण्याची खूण ठरावा, असे कारखानदारांना वाटले असल्यास त्यात अस्वाभाविक काही नाही. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५५ सालच्या मोटारींसाठी आठ सिलिंडरांचे एक नवे इंजिन काढले. त्याची क्षमता होती २६५ घनइंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर, आणि त्याचा रंग होता नारिंगी, किंचित शेंदराकडे झुकणारा. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ या जातीची इंजिने हाच रंग लेऊन बाहेर पडली. (मुंबईत शिवडी येथेही शेव्हरोले मोटारी जोडण्याचा कारखाना १९२८ सालापासून होता, परंतु तो १९५४ साली बंद झाल्यामुळे हे नारिंगी इंजिन तेथे कधी आलेच नाही.) शेव्हरोलेची भावंडे म्हणावी अशा इतर कंपन्यांचे रंग वेगळे होते. १९६० नंतरच्या दशकात पाँटिअॅकची इंजिने निळी, तर ओल्डस्मोबीलची काही इंजिने सोनेरी असत. बॉनेट उघडताच कुळ कळे.

इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीने तर रंगाला भाषेसारखे वापरले. तिचे इंजिन एकाच घडणीचे. पण सिलिंडरांवरील झाकणाचे, ज्याला इंजिनाचे डोके म्हणतात त्याचे, प्रकार अनेक. म्हणून एका प्रकारास तांबडा, दुसऱ्यास फिकट निळा, तिसऱ्यास सोनेरी असे रंग दिले जात. १९६१ साली आलेल्या ‘ई-टाइप’ या प्रसिद्ध मोटारीचे डोके सोनेरी होते. ते सोने नेमके कसे होते, जुन्या दागिन्यासारखे की पिकल्या भोपळ्यासारखे, यावर त्या मोटारींचे चाहते हिरिरीने वाद घालीत आले आहेत.

हे वाद पोरकट वाटतात खरे. परंतु शोध कसा करावा लागतो हे पाहिले, म्हणजे त्यांतील अडचण ध्यानात येते.

समजा, अमेरिकेतील एखाद्या शेतावरच्या कोठारात १९५७ सालची एक शेव्हरोले मोटार कित्येक वर्षे पडून राहिली आहे. तिचे इंजिन उतरवून कारागिराच्या कर्मशाळेत आणले जाते. मालक उत्सुक आहे. तो म्हणतो, “दाहक सोड्याच्या ऊन पाण्याच्या हौदात हे बुडवा म्हणजे झाले. तेल, मळ, जुना रंग सारे सुटून उद्या कोरे बीड हाती येईल.” त्याचे म्हणणे खोटे नाही. तसे केल्यास काम झपाट्याने पुढे सरकेल. परंतु जाणता कारागीर मान हलवितो. “कोरे होईल साहेब,” तो म्हणतो, “पण मग त्याचा रंग कोणाला विचारावा?” त्या हौदात मळाबरोबर साक्षीदारही विरघळून जातो, आणि एकदा गेलेला हा साक्षीदार पुन्हा मिळत नाही.

आता साक्षीदाराला गाठावयाचे कोठे? जो रंग वर ढळढळीत दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवून चालत नाही. इतक्या वर्षांत त्याच्यावर वंगण सांडले, त्याची राप बसली, उष्णतेने तो तपकिरी झाला. शिवाय मध्यंतरी एखाद्या दुरुस्तीवाल्याने हाताशी होता तो डबा उघडून वर एक हात मारलेला असतो, तो निराळाच. म्हणून कारागीर उघड्या जागा सोडतो आणि झाकलेल्या जागांकडे वळतो. इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर टेकविणाऱ्या आधारपट्ट्या, आणखी काही लहानमोठे भाग कारखान्यात रंगकाम आटोपल्यावर जोडलेले असत. पाना लावून अशी एक पट्टी तो हलक्या हाताने सोडवितो. तिच्याखाली ना ऊन पोहोचले, ना तेल, ना दुरुस्तीवाल्याचा कुंचला. रॉकेलात भिजविलेल्या चिंधीने मळ पुसला की कधी कधी तेथे दोन बोटे रुंदीचा तुकडा असा काही झळकतो की जणू तो काल सायंकाळी रंगविला असावा.

एवढ्यावर त्याची तपासणी थांबत नाही. पट्टीखाली रंग सापडला, म्हणजे ती पट्टी रंगानंतर बसविली. दुसऱ्या एखाद्या भागाखाली कोरे बीडच निघाले, तर तो भाग रंगाच्या आधी बसविला होता. अशा रीतीने एकेक भाग उतरवीत, त्याच्या पाठीमागे डोकावीत, तो कारखान्यातील जोडणीचा क्रम उलटा वाचीत जातो. कोणता भाग रंगवावयाचा आणि कोणता उघडा ठेवावयाचा, हे त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा या निरीक्षणातून अधिक खात्रीने समजते.

झाकलेली जागा मिळालीच नाही, तर दुसरा उपाय आहे. रंगाचे थर बसलेल्या ठिकाणी रुपयाएवढी जागा निवडावी, ती ओल्या वॉटर पेपरने मधोमध अधिक व कडेला कमी अशी हळूहळू घासावी. मग झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे रंगांची वलये उमटतात: सर्वांत बाहेर अलीकडचा रुपेरी, त्याच्या आत कोणीतरी दिलेला निळा, आणि अगदी आत, बिडाला चिकटून, एक अरुंद नारिंगी कडी. ही कडी अस्तरावाचून थेट बिडावर बसलेली असली, तर ती बहुधा कारखान्याची. हे घासणे कोरड्याने करू नये. त्या काळच्या पुष्कळ नारिंगी व पिवळ्या रंगांत शिशाची संयुगे असत आणि त्यांची धूळ श्वासावाटे पोटात जाणे घातक असते. आपल्याकडे परंपरेने वापरला जाणारा शेंदूरही शिशाचाच.

मूळ रंग सापडला, तरी तो पुन्हा तयार करणे हे दुसरे संकट. बाजारात ‘शेव्हरोले नारिंगी’ या नावाचे डबे मिळतात. पण दोन कंपन्यांचे डबे उघडले तर दोन छटा निघतात. जुन्या छायाचित्रांवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण त्यांतील रंग स्वतःच विटलेले असतात. आजच्या रंगांतून शिसे वगळलेले असल्याने तीच छटा निराळ्या द्रव्यांतून साधावी लागते, आणि तेथे डोळा हमखास फसतो. लुगड्याला जुळणारा खण निवडताना जाणती गृहिणी तो दुकानाच्या दाराशी आणून उजेडात का धरते? दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात जुळतीलच असे नसते. निरनिराळ्या द्रव्यांनी बनलेले दोन रंग एका प्रकाशात जुळे भाऊ भासतात आणि दुसऱ्या प्रकाशात परके ठरतात. रंग मोजणारी यंत्रे आता निघाली आहेत. त्यांचे साहाय्य कारागीर अवश्य घेतो. तरीही पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने काढून, ते पुरते वाळू देऊन, त्या दोन बोटांच्या तुकड्याशेजारी धरून कधी अंगणात, कधी खिडकीत, कधी दिव्याखाली पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा; हे तर घराच्या भिंती रंगविताना सर्वांनीच पाहिले असेल.

छटा जुळल्यावर काम संपले असे वाटते; पण खरी कसोटी येथून पुढे आहे. कारागिराचा हात सफाईदार असतो. वेडेवाकडे डाग त्याला पाहवत नाहीत. कारखान्यातील रंगाऱ्याला मात्र नजाकतीला सवड नव्हती. इंजिनामागून इंजिन पुढे सरकत येई आणि त्याला थोड्या अवधीत फवारा मारून मोकळे व्हावे लागे. त्यामुळे कोठे रंग दाट बसे, कोठे खाचेत पोहोचतच नसे, कोठे ओघळ येई. जो भाग झाकावयाचा तो घाईने झाकलेला. त्याच्या कडांवर नारिंगी तुषार उडालेले. आता या जुन्या घिसाडघाईचे अनुकरण करावयाचे की नाही? अनेक मालकांना आरशासारखे लखलखीत इंजिन हवे असते, आणि आपल्या मोटारीचे काय करावे हा त्यांचा हक्कच आहे. परंतु जी वस्तू कधी तशी नव्हतीच, तिला ‘मूळची’ म्हणणे काही बरोबर दिसत नाही. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’चे परीक्षक तर या बाबतीत फार कडक असतात. शेव्हरोलेच्याच ‘कॉर्व्हेट’ मोटारी तपासताना, कारखान्याहून सरस केलेल्या कामाचेही ते गुण कापतात.

त्या अनामिक रंगाऱ्याचा विचार मनात आला म्हणजे मौज वाटते. आपण दुपारी घाईने उडविलेले तुषार पुढे कोणी भिंग लावून पाहील आणि त्यांची हुबेहूब नक्कल करण्यासाठी चार-चारदा रंग पुसून काढील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

हे वेगवेगळ्या घराण्यांचे रंग पुढे मावळले. १९७७ सालापासून शेव्हरोलेचा नारिंगी गेला आणि एकच निळा रंग जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या इंजिनांवर चढू लागला. त्याच साली एक प्रकरण गाजले. ओल्डस्मोबील म्हणून घेतलेल्या कित्येक मोटारींत शेव्हरोलेचे इंजिन बसविलेले आढळले. गिऱ्हाईके न्यायालयात गेली आणि कंपनीला भरपाई देणे भाग पडले. बॉनेट उघडताच कुळ कळावे, ते दिवस सरले होते.

कर्मशाळेतील १९५७ सालचे इंजिन आता तयार आहे. जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या जाड नळ्या त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. त्या इतक्या तापतात की त्यांच्यावर असला रंग टिकूच शकत नाही. तरीही फवारा मारताना कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून त्यांच्यावरही रंग उडत असे. म्हणून कारागिरानेही तो तसाच उडू दिला आहे. मालक किल्ली फिरवितो. इंजिन दोनदा खोकते आणि मग एका लयीत चालू लागते. थोड्याच वेळात त्या नळ्यांवरील नारिंगी रंग काळवंडतो, त्यातून निळसर धूर निघतो आणि कर्मशाळेत जळक्या रंगाचा उग्र वास पसरतो. मालक घाबरून किल्लीकडे हात नेतो. कारागीर त्याला खुणेनेच थांबवितो आणि खिडक्या उघडावयास जातो.