तीन भिंती आणि चौथी बाजू

पूर्वी गावाकडे स्वतःची विहीर असलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने मुंबईच्या उपनगरात स्वतःचे गॅरेज असलेल्या माणसाकडे पाहतात. फरक इतकाच, की विहिरीत निदान पाणी तरी असे. गॅरेजात गाडी असेलच याची खात्री नाही. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला शटरवाली गॅरेजे आहेत. त्यांत मी शिवणाचे क्लास पाहिले आहेत, दहावीचे गणित पाहिले आहे, पापडांची वाळवणे पाहिली आहेत आणि एका ठिकाणी तर दाताचा दवाखानाही पाहिला आहे. मोटार मात्र बाहेर रस्त्यावर, कावळ्यांच्या झाडाखाली!

गॅरेज म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तुम्हांला क्षुल्लक वाटत असेल. पण तो थेट दिल्लीपर्यंत जाऊन आलेला आहे. आपल्या दहिसरच्या पांचाली सोसायटीचे आणि बिल्डरचे इमारतीच्या खांबांखालच्या जागेवरून भांडण जुंपले. बिल्डरचे म्हणणे, ही जागा माझी, मी वेगळी विकणार. सोसायटीचे म्हणणे, इमारत आमची तर तिचे पायही आमचेच. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खांबांमधली ही मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सर्वांची सामायिक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. पुढे २०१६च्या रेरा कायद्याने व्याख्याच करून टाकली : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील ते गॅरेज. चौथ्या बाजूबद्दल कायदा अवाक्षर काढीत नाही. ती बहुधा मालकाने आणि चोराने आपसात मिटवायची असावी.

आमच्या मुलुंडच्या इमारतीला अशी चार गॅरेजे आहेत. त्यांतले एक आमचे. ते आमचे झाले, कारण माझ्या वडिलांनी १९७४ साली स्कूटर नोंदवली. नोंदवली म्हणजे पैसे भरून नाव यादीत घातले. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी तेव्हा वर्षानुवर्षे थांबावे लागे. काहींना दहा-दहा वर्षे लागत. अण्णांनी नोंदवली तेव्हा मी बिगरीत होतो आणि स्कूटर दारात आली तेव्हा आठवीत. मधल्या आठ वर्षांत अण्णांनी स्कूटरसाठी जे जे करता येण्यासारखे होते ते सारे करून ठेवले. गॅरेज घेतले, शटरला रंग दिला, जमिनीत सिमेंट ओतून त्यात लोखंडी कडी बसवली, आणि १८९७ सालापासून मुंबईत कुलुपे बनवणाऱ्या गोदरेजचे नवताल कुलूप आणून ते देवघरात ठेवले. मध्य रेल्वेची ही आमची मोठी सोय होती. भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर बनत असे आणि दोन स्टेशने पलीकडे विक्रोळीला गोदरेजचे कारखाने. नोकरदार माणसाची सारी काळजी एका पासावर भागत असे.

आठ वर्षे वाट पाहून आलेल्या वस्तूवर माणूस बसत नाही, तिची राखण करतो. अण्णांची एक पद्धतच ठरलेली होती. आधी हँडल लॉक. मग मागच्या चाकातून साखळी आणि ती साखळी जमिनीतल्या कडीत. "नुसती चाकाला साखळी बांधून काय उपयोग?" ते म्हणत, "दोघे जण टेम्पो घेऊन आले, तर साखळीसकट उचलून नेतील. आपण त्यांना वर साखळी फुकट दिली असे होईल!" साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण जमिनीवर टेकलेल्या साखळीवर घाव घालणे सोपे. कुलपाचे तोंड खाली, म्हणजे त्यात पावसाचे पाणीही जात नाही आणि चोराचे हत्यारही सहज शिरत नाही. मग शटर, मग कुलूप, मग ते तीनदा ओढून पाहणे. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत येऊन चौथ्यांदा ओढणे. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एका वहीत, आणि आरटीओतला एजंट कागद ठेवून पेन्सिल घासतो तसा त्या नंबराचा ठसाही शेजारी चिकटवलेला. ही वही आमच्या जन्मपत्रिकांच्या वर असे. राणा प्रतापाचा चेतक परक्या माणसाला जवळ येऊ देत नसेल. आमचा चेतक घरच्या माणसांनाही येऊ देत नसे.

पुढे २००९ साली बजाजने स्कूटर बनवणे थांबवले. २०१९ साली चेतक परत आली ती विजेवर. अण्णा त्याआधीच गेले. चेतक राहिली. पंधरा वर्षे झाली, की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हे मी निमूटपणे करतो. दर रविवारी तिला कलती करतो, सरळ करतो, चार किका मारतो आणि स्टेशनपर्यंत चक्कर मारून पुन्हा कडीला बांधतो. "अहो, गाय पाळली असती तर निदान दूध तरी मिळाले असते," असे सौ. म्हणते. पण तिच्या काकांनी आमच्या लग्नात त्या स्कूटरकडे पाहूनच होकार दिला होता, हे ती विसरते.

चिरंजीवांची बुलेट आली तेव्हा गॅरेजातली संरक्षणव्यवस्था एकविसाव्या शतकात शिरली. ब्रेकच्या चकतीला कुलूप, त्या कुलपाला भोंगा, सीटखाली गाडीचा ठावठिकाणा फोनवर सांगणारी डबी आणि शटरवर कॅमेरा. "बाबा, आता गाडी एक इंच हलली तरी मला कळेल," असे त्याने सांगितले. ते खरे होते. पण ते त्याच्याबरोबर साऱ्या इमारतीलाही कळे. पहिल्याच आठवड्यात एक मांजरी बुलेटच्या सीटवर झोपायला आली आणि रात्री अडीच वाजता आमच्या इमारतीत सामूहिक जागरण झाले. तिने पुढे चार दिवस नेमाने हाच प्रयोग केला. पाचव्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा कोणी कूससुद्धा बदलली नाही. भोंग्याचा हाच दोष आहे. तो चोराला घाबरवतो की नाही ठाऊक नाही, पण शेजाऱ्यांना मात्र चांगला सरावतो.

एवढा बंदोबस्त असल्यावर चोराने कुठे जावे? तो गेला शटरच्या बाहेर.

आमच्या चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. यजमान लवकर गेले. काकू पहाटे चारला उठून पोळी-भाजीचे डबे करतात आणि त्यांचा मुलगा ते मोटारसायकलवरून ठाण्याच्या वागळे इस्टेटीत पोचवतो. गॅरेजात जागा नव्हती, म्हणून त्याची गाडी आमच्या शटरला टेकून बाहेर उभी असे. गाडी साधी, शंभर सीसीची, हप्त्यांवर घेतलेली. ऐट म्हणून तिच्या सीटवर काकूंनी जुन्या इरकली लुगड्याचे कव्हर शिवून घातले होते, काठासकट. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे डबे खाली आले आणि गाडी नव्हती.

गाडी गेली तरी हप्ता जात नाही, हे त्या मुलाला पहिल्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी विम्याचे कळले. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा सक्तीने घ्यावा लागतो, म्हणून तो निर्धास्त होता. पण ती सक्ती असते थर्ड पार्टीची. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई. दुसऱ्याने आपली गाडीच नेली, तर त्यासाठी वेगळा विमा. तो असता तरी कंपनी आधी दोन्ही किल्ल्या मागते आणि मग पोलिसांचा 'ए समरी' अहवाल मागते. याचा अर्थ, चोरी खरी पण चोर सापडत नाही. चोरीचे ३७९ कलम १ जुलै २०२४ पासून ३०३ झाले, ही माहिती त्याला ठाण्यावर मिळाली. गाडीची माहिती मिळाली नाही.

'बायसिकल थीव्हज' नावाचा एक इटालियन चित्रपट आहे, १९४८ सालचा. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तो इथेही दाखवला होता. त्यातला गरीब माणूस घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवतो, कारण सायकल असेल तरच भिंतीवर पोस्टरे चिकटवायची नोकरी. आणि पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीला जाते. मग बाप आणि लहानगा मुलगा रोमभर ती शोधत हिंडतात. आमच्याकडे आई आणि मुलगा हिंडत होते. रोम नव्हते, नाहूर होते. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन लोकलने ठाणे गाठायचे आणि येताना गल्ल्या धुंडाळायच्या. बावीस डब्यांचे चौदा झाले.

इकडे सोसायटीची तातडीची सभा भरली. आमच्या सभेला कोरम होण्यासाठी एकतर पाणी जावे लागते किंवा गाडी. चेअरमन म्हणाले, "वॉचमनला काढा. चोरी झाली तेव्हा हा होता कुठे?" आमचा वॉचमन म्हणजे चाचा. वय साठीच्या पुढे. पहाटे पंप चालू करणे, टाकी भरली की बंद करणे, म्हाताऱ्यांना रिक्षा आणून देणे, पार्सले घेणे आणि उरलेल्या वेळात राखण, असे त्यांचे काम. चाचा मान खाली घालून उभे. काही बोलेनात. पाच-सहा जणांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू गाडी त्यांच्या खिशात आहे.

तेव्हा सौ. उठली. "चाचा, रात्री तुम्ही कुठे होता ते सांगा ना." चाचा तरी गप्पच. शेवटी हळूच म्हणाले, "साहबने दवा लाने भेजा था." कुठल्या साहेबांनी? चाचांनी नाव घेतले नाही. फक्त चेअरमनांच्या बाजूला बघायचे टाळले. पण ते इतके कसोशीने टाळले, की सगळ्यांचीच नजर तिकडे गेली. चेअरमनांना रात्री दोन वाजता अपचन झाले होते आणि रात्रभर उघडे असलेले औषधाचे दुकान स्टेशनजवळ होते. "पुढचा विषय घ्या," चेअरमन म्हणाले. पुढचा विषय नव्हताच. सभा संपली. चाचा राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरी एक स्कूटर चाळीस वर्षे कडीला बांधलेली आणि वरच्या मजल्यावर एक माणूस दोन हातांत पिशव्या घेऊन लोकलमध्ये लोंबकळतो, हा हिशेब काही केल्या जुळेना. अण्णांना विचारायची सोय नव्हती. मी अंथरुणावर पडून, ते काय म्हणाले असते ते म्हणून पाहिले. दर वेळी "नाही"च आले. सकाळी सातला मी खाली गेलो, साखळी सोडली आणि त्या मुलाच्या हातात किल्ली दिली. हाताने गिअर टाकायचे त्याने कधी पाहिलेच नव्हते. अर्धा तास कंपाउंडमध्ये शिकवले. चेतकला पुढे पाय ठेवायला ती ऐसपैस जागा असते ना, तिथे डब्यांची मोठी पिशवी मापाने करून घेतल्यासारखी बसली. हँडलखालच्या हुकाला दुसरी. फाटकातून चेतक बाहेर पडली तेव्हा मी सवयीने शटरचे कुलूप तीनदा ओढून पाहिले. आत राखण्यासारखे काय उरले होते? एक बुलेट आणि तिच्यावर ती मांजरी.

नवव्या दिवशी आमचा दूधवाला ओरडतच आला. भांडुपच्या एका गल्लीत इरकली लुगडे उभे आहे! नंबरपाटी काढलेली, आरसा मोडलेला, पण सीट तीच. चोराने गाडी नेली खरी, पण तिच्या टाकीत फारसे पेट्रोलच नव्हते. तो मुलगा रोजच्या कमाईतून रोज शंभर रुपयांचे भरी. तेवढ्यात गाडी भांडुपपर्यंत जाते, पुढे नाही. चोराने कंटाळून ती तिथेच टाकली असावी. कुलूप, भोंगा, कॅमेरा या सगळ्यांवर मात करणाऱ्या चोराला गरिबीने अडवले.

सापडलेली गाडी लगेच हातात मिळत नाही. ती मुद्देमाल होते. न्यायालयाचा आदेश आणि सुपुर्दनामा होईपर्यंत ती ठाण्याच्या आवारात, वेली चढलेल्या इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहिली. गाडीला त्याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण. तिथून मालकालाही ती नेता येत नाही. तीन आठवडे लागले. तोवर वागळे इस्टेटीत चेतकची ओळख पटली होती. डबे चौदाचे सव्वीस झाले. काही गिऱ्हाईके म्हणे जेवणासाठी नाही, स्कूटर बघायला खाली येतात आणि "आमच्या बाबांकडे होती" असे सांगून डबा लावतात.

गाडी परत आल्यावर आम्ही गॅरेज रिकामे केले. गणपतीची तीन मखरे, एक पाळणा, दोन मोडके पंखे आणि कोणाचाच नसलेला एक पलंग बाहेर निघाला. तेवढ्या जागेत त्या मुलाची मोटारसायकल आरामात मावली. आता अण्णांच्या कडीला एकच साखळी आहे आणि ती तिन्ही गाड्यांच्या चाकांतून जाते. किल्ल्या तीन घरी. रोज सकाळी सातला शटर वर जाते तेव्हा असा कर्कश आवाज होतो, की चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळते, गॅरेज उघडले. भलत्या वेळी तो आवाज आला तर चाचा आणि निदान सहा घरे खिडकीत येतात. मी शटरला तेल घालायला डबी घेऊन गेलो होतो. पण सेक्रेटरींनी मला लेखी कळवले आहे, की सदर आवाज ही सोसायटीची सामायिक मालमत्ता असून कमिटीच्या परवानगीवाचून तिला हात लावू नये.