आवडीला ओळख लागते

इंग्रजीत आवड सांगायला शिकवायचं म्हटलं की बहुतेक वर्गांत सिंह, झेब्रा आणि जिराफ यांची चित्रं भिंतीवर लागतात. मुलं एका सुरात ‘आय लाइक लायन’ म्हणतात आणि धडा झाला असं आपण धरून चालतो. माझ्या मते यात प्राण्याचं नाव तेवढं पाठ होतं. आवड सांगणं शिकायचं राहूनच जातं. आवडनिवड हे मत आहे आणि मत ओळखीतून तयार होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातलं मूल बकरी, बैल, कोंबडी, माकड, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यात वाढतं. त्यानं पोळ्याला सजलेले बैल पाहिलेले असतात, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवलेला असतो. रोह्यांनी तूर खाल्ली म्हणून घरात झालेली बोलणीही ऐकलेली असतात. इंग्रजी इथूनच सुरू व्हावं.

याचा पुरावा व्याकरणातच सापडतो. ‘आय लाइक लायन’ यात शेवटचा ‘स’ राहिला तरी अर्थ बिघडत नाही, म्हणून मुलाला त्या ‘स’ची गरजच वाटत नाही. कोंबडीच्या बाबतीत तसं नाही. ‘आय लाइक चिकन्स’ म्हणजे अंगणातल्या कोंबड्या आवडतात आणि ‘आय लाइक चिकन’ म्हणजे रस्सा आवडतो. दोन्ही गोष्टी घरच्याच असल्यानं हा फरक मुलाला लगेच कळतो, आणि एकदा कळला की ‘स’ तोंडात बसतो. तीच गोष्ट बकरीची. ‘आय लाइक गोट्स’ हे सगळ्या बकऱ्यांबद्दल, तर ‘आय लाइक अवर गोट’ हे फक्त आपल्या बकरीबद्दल. जिच्यामागे रोज फिरायचं ती बकरी आणि बाकीच्या बकऱ्या यांतला फरक मुलाला आधीच ठाऊक असतो; इंग्रजीनं तो फक्त उच्चारात आणायचा असतो.

न्यूझीलंडमधल्या शिक्षिका सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना वाचायला शिकवताना प्रत्येकाला त्याचाच शब्द मागितला. भीती आणि माया यांच्याशी जोडलेले शब्द मुलांना लगेच वाचता येत. ठरावीक वाचनपुस्तकातले शब्द मात्र अडत. १९६३ साली ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तीही मूल जिथे आहे तिथून शिक्षण सुरू करण्याच्याच विचारानं. यवतमाळ जिल्ह्यात हा विचार आणखी मोलाचा ठरतो. ज्या कोलाम मुलाच्या घरी कोलामी बोलतात, त्याला मराठी अर्थ सांगून इंग्रजी शिकवणं म्हणजे एका नव्या भाषेवर दुसरी नवी भाषा चढवणं. बकरी दाखवली तर मध्ये तिसरी भाषा लागतच नाही.

यावर पहिला आक्षेप अभ्यासक्रमाचा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि पुस्तकात हत्ती-जिराफ येणारच, मग ते कधी शिकवायचे? ते जरूर शिकवावेत, पण वाक्य पक्कं झाल्यावर. ज्याला ‘आय डोन्ट लाइक वाइल्ड बोअर्स बिकॉज दे स्पॉइल अवर क्रॉप’ म्हणता येतं, त्याला त्याच साच्यात जिराफ बसवायला वेळ लागत नाही. मोबाइलवर पाहून एखाद्याला डायनासोर खरोखर आवडत असेल, तर तीही खरी ओळखच. दुसरा आक्षेप असा की, नावड बोलायला लावली तर मुलांच्या मनात प्राण्यांविषयी वैर रुजेल. पण ती भावना घरात आधीच असते. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे आणि २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा वाघाविषयीची भीती आणि माया दोन्ही उघड बोलली गेली. अशा ठिकाणी ‘लाइक’ आणि ‘डोन्ट लाइक’ हे दोनच शब्द अपुरे पडतात. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ टायगर्स’ हेही शिकवावं लागतं. भीती आणि नावड वेगळी करता येणं हे वैर कमी करणारंच शिक्षण आहे.

म्हणून या धड्याची परीक्षा सोपी आहे. सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं, तर मुलांनी शिक्षकाचं वाक्य परत केलं. उत्तरं वेगवेगळी आली, एकाला माकड आवडलं, दुसरीला नाही, आणि दोघांनी ‘बिकॉज’ म्हणून आपापलं कारण दिलं, तर मुलं इंग्रजी बोलली. मोडकंतोडकं का होईना, असं कारणासह आलेलं वाक्य मी बिनचूक पाठांतरापेक्षा वरचं मानतो, कारण व्याकरण पुढे सुधारता येतं. स्वतःचं मत सांगायची सवय मात्र पहिल्या धड्यापासूनच लावावी लागते.